नांदवण्यास तयार

भंडाऱ्यात, कोर्टासमोरच्या गल्लीत एका वकिलाच्या खोलीवर मी बारा वर्षं मराठी टायपिंग केलं. साहेब सांगायचे, मी बडवायची. एवढंच माझं काम. पण कायद्याचं लोक मलाच विचारायचे. वकिलाला विचारायची भीती वाटते, आणि बाईमाणूस दिसलं की जीभ सैल होते. "बाई, कसं होईन हो आमचं?" मीही मोठी शहाणी, उत्तरं द्यायची. त्यातलं एक उत्तर आणि एक वाक्य, दोन्ही माझीच, माझ्या मानेवर बसली आहेत. ती उतरायची नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सांगते.

माझं आधी सांगावं लागेल, नाहीतर मी तसं का वागले ते कळायचं नाही. मी टाकलेली बाई. तुमसरला दिलं होतं मला. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी पाहून ठेवली, एका दिवाळीला मला माहेरी पोहोचवून गेला, आणि न्यायला काही आला नाही. माझा बाप विणकर. तो लुगडी विणायचा, मी कांड्या भरायची. बाप गेल्यावर भावानं माग मोडून त्याची लाकडं चुलीत घातली, तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. पुढं पगार सुरू झाला, तो पाकीट न फोडता भावाच्या हातात द्यायची. तरी ताटात भाजी वाढताना वहिनीचा हात आखडायचाच. गल्लीत हळदीकुंकू असलं की बोलावणं वहिनीला. मी घरात असूनही नसल्यासारखी. शेजारच्या बायका तोंडावर म्हणायच्या, "नांदली असती तं आज पोरंबाळं असते तुले." एकच गोष्ट दहा वर्षं कानावर पडली की ती खरी वाटायला लागते. मार खाल्ला तरी परवडला, पण न नांदणं नको, असं माझ्याही डोक्यात घट्ट बसलं होतं. कुणी शिकवलं नाही, आपोआप बसलं.

हुंड्यासाठी सुनेला छळलं तर नवऱ्याला आणि सासरच्यांना पोलीस उचलू शकतात, हा कायदा येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कायदा आला तशी त्याची पळवाटही आली. पोरीनं ठाण्यात पाय ठेवला रे ठेवला, की सासरचे लोक दुसऱ्या दरवाजानं आमच्या खोलीवर. अटक व्हायच्या आधीच जामीन. पाणी यायच्या आधी पाळ बांधायची, तसं. अटकपूर्व जामीन हा शब्द न अडखळता म्हणणारे लोक मी खेड्यापाड्यातून येताना पाहिले, ज्यांना स्वतःच्या पोराचं वय सांगता येत नव्हतं.

ती पोरगी आली ते साल सत्त्याऐंशीच्या आसपासचं असावं. पोळा होऊन गेला होता. सकाळी खोली उघडून मी मशीनवरचं कापड काढत होते, तर दारात बाप-लेक उभे. आसगावहून पहिल्या बसनं आले होते. बाप धानाची शेती करणारा, डोक्याला पांढरा शेला, चप्पल दाराबाहेर काढून आत आला. पोरगी विशीची, मॅट्रिक झालेली. दोन दिवसांआधी ठाण्यात तक्रार दिली होती आणि आता वकील पाहायला आले होते. साहेब घरून यायचे होते. मी म्हटलं बसा, आणि बसल्या-बसल्या पोरीनं सगळं सांगून टाकलं.

तिला शहापूरला दिलं होतं. लग्नाच्या वेळेस नवरा रिकामा होता. घरी दोन एकर आणि गावभर फिरणं. त्या मानानं द्यायचं ते बापानं दिलं. मग वरठीला पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला आणि नवऱ्याला तिथं नोकरी लागली. झालं. नोकरी लागली आणि भाव वाढला. आधी सायकलनं कामावर जायची लाज वाटू लागली, मोटरसायकल पाहिजे झाली. ती मिळेना तसा मार सुरू झाला. सासूनं तर एक दिवस सरळच सांगितलं, "तुह्या बापानं रिकाम्या पोराचा हुंडा देल्ला. नोकरीवाल्याचा कुठी देल्ला?" हे सांगताना पोरगी रडली नाही. बाप रडला. शेल्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाला, "कोर्ट जे म्हणन ते आमाले मंजूर आहे, बाई."

पोरगी माझ्या बोटांकडे पाहत होती. मी एक जुनी नक्कल टाइप करत होते. तिनं विचारलं, "हे शिकाले किती दिवस लागते?"

"सहा महिने."

"एकटीचं पोट भरते काय याच्यावर?"

"भरतं," मी म्हटलं. "पण पोट भरलं म्हणजे सगळं झालं का?"

"मले तिकडं जायचं नाही, बाई," ती म्हणाली. "बाबा काहीही म्हणो, कोर्ट काहीही म्हणो. मी आता नाही जात."

खरं सांगते, मला त्या पोरीचाच राग आला. काय समजते ही स्वतःला. विशीची पोट्टी, एकटीनं राहायचं म्हणते, जसं काही जत्रेला जायचं आहे. चार वर्षं वहिनीच्या हातचं खा म्हणावं, मग कळेल. तोंडावर बोलले नाही, पण मशीनचा दांडा जरा जोरातच सरकवला.

साहेब आले, त्यांनी गाव विचारलं, नाव विचारलं, आणि बॅग न उघडताच टेबलावर ठेवली. शहापूरचे लोक सकाळीच त्यांच्या घरी येऊन गेले होते. साहेबांनी त्यांचं काम घेतलं होतं. म्हणजे हे बाप-लेक अडीच तास बसले ते विरोधी वकिलाच्या खोलीत. छोट्या गावात असं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी बापाला नीट समजावलं. तुमच्या बाजूनं सरकारी वकील आहेत, त्यांना भेटा म्हणाले. बापानं हात जोडले, चप्पल घातली. पोरगी जाताना माझ्याकडे पाहून हसली. जणू आमचं काही ठरलं होतं.

दुपारी शहापूरचे लोक आले. नवरा, सासू आणि मोठा दीर. नवरा दिसायला बरा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. सासूचं बोलणं मी कानांनी ऐकलं. "साहेब, पोराले जेल नाही झाली पाहिजे. आन् ते पोट्टी पुन्हा घरात नाही आली पाहिजे. त्याच्यासाठी दुसऱ्या जागा येऊन राहिल्या." साहेबांनी मान हलवली आणि मला अर्ज सांगायला घेतला. अर्जदार सभ्य व प्रतिष्ठित कुटुंबातील आहेत. तक्रार खोटी व आकसाची आहे. मुलगी स्वभावाने हट्टी असून स्वतःहून घर सोडून गेली. हे सगळं मला पाठ होतं. नाव-गाव बदललं की झाला नवा अर्ज. सांगून होताच साहेब कोर्टात गेले आणि मी तीन कागदांत दोन कार्बन घालून बसले.

शेवटच्या पानावर जागा उरली होती. बायकोनं नांदायला यावं म्हणून नवरे जे दावे करायचे, त्यात एक वाक्य हटकून असायचं. ते माझ्या बोटांत होतं. ते मी स्वतःच्या मनानं खाली टाइप केलं. अर्जदार क्रमांक एक हा आपल्या पत्नीस आजही सन्मानाने नांदवण्यास तयार आहे व तशी हमी या न्यायालयास देत आहे.

हात चुकला असं म्हणायची सोय नाही. मी समजून-उमजून केलं. सासूला ती नको होती, नवऱ्याला लग्नासाठी नवं स्थळ पाहायचं होतं, आणि ही येडी पोरगी तर स्वतःच नाही म्हणत होती. मला वाटलं, बांधून टाकावं सगळ्यांना. कोर्टापुढं लिहून दिलं की बदलायची कुणाची छाती आहे? पोरगी आज चिडेल, उद्या लेकरू झालं की आठवण काढेल, म्हणेल कुणी बरं केलं माझं. मी एवढी खूश झाले होते की घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वहिनीनं टोमणाही मारला. मी हसले.

अर्ज कुणी वाचत नसे. हे आमच्या कामातलं उघड गुपित. पक्षकाराला फुलीची खूण दाखवायची, इथं सही करा. तो करतो. शपथ देणारा विचारतो, वाचलं का, खरं आहे का? तो हो म्हणतो. साहेब नुसती पानं मोजायचे. नवऱ्यानं तीन प्रतींवर खिशातल्या पेनानं झोकात सह्या ठोकल्या.

तारखेच्या दिवशी मी फाइल घेऊन कोर्टाच्या दारापाशी उभी होते. सरकारी वकील पाच मिनिटं बोलले. साहेब बोलले. न्यायाधीश पानं चाळत होते, ते शेवटच्या पानावर थांबले. चष्मा वर करून त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी एक क्षण. पण हाडाचा वकील. लगेच म्हणाले, होय, अर्जदाराची हमीच आहे तशी. न्यायाधीशांनी नवऱ्याला पुढं बोलावलं. "नांदवणार का बायकोला नीट?" नवऱ्यानं आईकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि खाली मान घालून "जी" म्हणाला. न्यायाधीशांचा चेहरा खुलला. दर रविवारी ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर जामीन मंजूर झाला. मागच्या बाकावरच्या बापाकडे पाहून ते दोन शब्द बोलले, की संसार मोडायला वेळ लागत नाही, जोडता आला तर पाहा.

बाप बाहेर आला तो सरळ माझ्याकडे. त्या गर्दीत त्याच्या ओळखीची मी एकटीच. "बाई, जामीन झाला म्हणजे कोर्टानं त्यायले निर्दोष म्हटलं काय? आमची तक्रार खोटी निघाली काय?"

याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी देता आलं असतं. जामीन म्हणजे फक्त पोलीस आज त्याला नेणार नाहीत. केस जिथं होती तिथंच आहे. तक्रार खोटी आहे असं कुणी म्हटलं नाही, आणि पोरीला पाठवा असा हुकूम तर मुळीच नाही. चार वाक्यं. तेवढी बोलले असते तर बाप तिला घेऊन आसगावच्या बसमध्ये बसला असता.

मी म्हटलं, "हमी दिली आहे त्यानं कोर्टापुढं. कोर्टानंच म्हटलं ना, संसार जोडा? पाठवा पोरीला."

त्या माणसासाठी कोर्टाचा शब्द म्हणजे देवाचा कौल. त्यानं पोरीकडे पाहिलं. पोरगी बापाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"तुमाले तं सांगतलं होतं मी," ती म्हणाली. "तुमाले सांगतलं होतं ना, बाई?"

"नांदणं कुणाला सोपं गेलं आहे?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दिवस काढले की निघतात."

बापानं तिच्या दंडाला धरलं आणि ते पायऱ्या उतरले. आठ दिवसांत सासरचे आसगावला जाऊन तिला घेऊन गेले, असं कळलं. न्यावंच लागलं. दर रविवारी ठाण्यात हजेरी, आणि ठाणेदार पहिला प्रश्न तोच विचारायचा, बायको कुठं आहे?

सासू मात्र साहेबांच्या खोलीवर येऊन फणफणली. आमी नको म्हटलो आन् तुमी लिवून कसं देल्लं? साहेबांनी तिला गार केलं. अहो, आमच्या बाईंनी टाकलं ते वाक्य, पण त्याच वाक्यानं पोरगा बाहेर आहे तुमचा. ती गेल्यावर मला बोलावलं. मी घाबरले, म्हटलं आज नोकरी गेली. साहेब हसत होते. "बाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. यापुढं प्रत्येक अर्जात घालत जा हे." आणि मी घातलं. तेव्हापासून जो कोणी जामिनाला यायचा तो बायकोला सन्मानाने नांदवण्यास तयार असायचा. काही बायका त्या वाक्यावर परत गेल्या असतील. त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती म्हणा, किंवा गरज वाटली नाही म्हणा. दोन्ही खरं आहे.

वर्षभरानं तिची केस सुनावणीला लागली. तिनं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, माझी काही तक्रार नाही, मी रागात रिपोर्ट दिला होता. नवरा सुटला. मी लांबून पाहिलं, डोक्यावर पदर, मान खाली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रुळली.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, ती एकटी खोलीवर आली. साहेब कोर्टात होते. मी आधी ओळखलंच नाही. पंचविशीही न झालेल्या पोरीच्या गालांची हाडं वर आली होती. मी माठातलं पाणी दिलं तर तिनं डाव्या हातानं घेतलं. उजवा हात पदराखाली होता. विचारल्यावर काढून दाखवला. मधली तीन बोटं वाकडी जुळली होती, मूठ होत नव्हती. फुंकणीनं मारलं होतं.

"केस होती तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "रविवारची हजेरी होती, तं हात लावत नव्हता. मग सासूनं म्हटलं, कोर्टात माफ करून टाक, तुले सोन्यासारखं ठेवतो. बाबा म्हणे, करून टाक, कोर्टाचीही तीच इच्छा होती. केस संपली, आन् त्याच रात्रीपासून सुरू."

पाचवा महिना होता तिला. ते राहिलं नाही. सरकारी दवाखान्यात आठ दिवस काढले, तिथूनच दीर तिला आसगावला सोडून गेला. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरत होतं. ती विचारायला आली होती, पुन्हा तक्रार देता येईल काय?

मी म्हटलं, देता येईल, पण कठीण आहे. कोर्टात तुम्ही स्वतः सांगून आल्या ना, तक्रार नाही म्हणून. समोरचा वकील तेच दाखवेल. समोरचा वकील म्हणजे पुन्हा आमचेच साहेब असते, हे मी बोलले नाही. तिला समजलं असावं. तिनं नुसतं "हव" म्हटलं.

मग ती म्हणाली, "मारताना तो एकच गोष्ट म्हणे. मी कधी म्हटलो होतो तुले नांदवतो म्हणून? त्या टाइपवाल्या बाईनं लिवलं. जाय, तिच्या घरी जाऊन नांद." ती हे रागानं बोलली नाही. बाजाराचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मले वाटलं, मारासाठी काहीतरी बोलून राहिला. मंग सासूही तेच म्हणे. खरं आहे काय, बाई?"

मी हो म्हटलं.

"काहून लिवलं?"

इतक्या वर्षांत कुणाशी बोलले नव्हते ते मी तिच्याशी बोलले. मलाही नवऱ्यानं टाकलं आहे, भावाच्या घरी दिवस काढते, सणावारी कुणी दारात उभं करत नाही, कमावते तरी फुकट खाते म्हणून ऐकते. माझ्यासारखं तुझं होऊ नये असं वाटलं मला, म्हणून लिहिलं. बोलता बोलता मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. पाण्याचा पेला खाली ठेवला, पदर सारखा केला आणि उठली.

"तुमच्यासारखंच तं व्हायचं होतं मले," ती म्हणाली. "त्या दिवशी तेच तं सांगून राहिली होती तुमाले."

बसची वेळ झाली म्हणून ती गेली. मी तिला थांब म्हटलं नाही, कारण थांबवून द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.